डाळिंब उठून का दिसेना?

वाचकांचे प्रश्न, निवृत्त ड्रॉइंगमास्तरांची उत्तरं

प्रश्न : सर, नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते. शाळेत असताना चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती, त्यानंतर ब्रश हातात घेतला तो थेट बँकेतून निवृत्त झाल्यावर. आई गेली आणि तिचा पितळी तांब्या माझ्याकडे आला. तो तांब्या, दोन डाळिंबं आणि मागं घरातली हिरवी चादर अशी मांडणी करून पोस्टर कलरमध्ये स्थिरचित्र केलं. लाल आणि हिरवा हे विरोधी रंग, म्हणून डाळिंब उठून दिसेल असं वाटलं होतं. वस्तू ओळखू येतात, रंगही जसेच्या तसे आहेत. पण मला आईच्या घरातली जेवणानंतरची शांत दुपार हवी होती आणि झालंय भांड्यांच्या दुकानाचं कॅलेंडर. फोटो पाठवला आहे. कुठं चुकलं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, कॅलेंडर हा शब्द तुम्हीच वापरलात, त्यामुळं मला बोलणं सोपं झालं. रेखाटन उत्तम आहे. तांब्याच्या गळ्याची लंबवर्तुळं मी वर्षानुवर्षं पोरांकडून घोटून घेतली, पण इतकी नेमकी फार थोड्यांना जमली. तेव्हा हात चांगला आहे, काळजी नको.

तुमचा फोटो मी मोबाइलवर कृष्णधवल करून पाहिला. डाळिंब गायब! लाल आणि हिरवा, दोन्हींचा एकच करडा झाला. विरोधी रंग शेजारी बसवले की भांडतात हे खरं. पण दोघांचा छायाभेद, म्हणजे उजळ-गडदपणा, सारखा असला तर नुसती कडा थरथरते, वस्तू काही पुढं येत नाही. आणि कडा थरथरत असताना दुपार शांत कुठून व्हायची?

शेजारचा रंग काय करतो हे मी शाळेत नाही, घरी शिकलो. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात रंगारी होते. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि नखांच्या कडेला बारा महिने निळा. एकदा एका व्यापाऱ्यानं चादरींचा गठ्ठा परत पाठवला. निळ्या जमिनीवरच्या नक्षीतला काळा कच्चा आहे, तांबूस मारतो, अशी तक्रार. वडिलांनी वाद घातला नाही. दशीतला एक काळा धागा ओढून काढला, मांडीवर स्वतःच्या पांढऱ्या धोतरावर ठेवला आणि म्हणाले, "आता सांगा." कुळकुळीत काळा! तोच धागा उचलून निळ्यावर ठेवला, तर मातकट. व्यापारी गप्प झाला. चादरी मात्र घेतल्या नाहीत त्यानं.

पुढं ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करताना कळलं, की हीच तक्रार पॅरिसमध्ये होऊन गेली होती. तिथल्या गोब्लँ कारखान्यात भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे विणत. १८२४ मध्ये शेवरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ तिथं रंगाई विभागाचा प्रमुख झाला. त्याच्याकडं गाऱ्हाणं आलं, की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावलीत घातलेला काळा धागा फिका पडतो. त्यानं दुसरीकडच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिलं, रंगाईत खोट नव्हती. खोट शेजाऱ्याची. निळ्याजवळ ठेवलं की डोळाच काळ्यात नारिंगी झाक पाहतो. त्यावर १८३९ साली त्यानं जाडजूड पुस्तक काढलं आणि पुढं चित्रकारांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर पोसल्या. शेवरल १०२ वर्षं जगला. माझे वडील एकसष्टाव्या वर्षी गेले, त्यांचं पुस्तक म्हणजे ते धोतर.

म्हणून "डाळिंबाचा रंग कोणता?" हा प्रश्नच सोडा. कशाशेजारी, किती उजेडात, एवढंच विचारा.

उजेडावरून आठवलं. फोटोत प्रत्येक वस्तूला दोन-दोन सावल्या आहेत. एक खिडकीची, एक ट्यूबलाइटची. ट्यूब बंद करा! आणि आईच्या घरातली दुपार जरा नीट आठवा. आपल्याकडं उन्हाळ्यात बाराच्या ठोक्याला खिडक्यांची दारं लोटून घेतात. खोलीत अंधार आणि एका फटीतून उन्हाची पट्टी शहाबादी फरशीवर. ती शांतता त्या अंधाराची असते, ताई, तांब्याची नव्हे. तुमच्या चित्रात अंधारच नाही.

तशीच फट ठेवून मांडणी करा आणि तांब्याच्या पोटाखाली बघा. सावलीची बाजू काळी नसते. फरशीवर पडून वर उडालेला उजेड तिथं मंद निळसर-करडा दिसतो, डाळिंबाकडच्या अंगाला एक तांबूस डाग पडलेला असतो. तुम्ही तिथं पिवळ्यात काळा घातलात, त्यामुळं पितळ हिरवं पडलं, जणू कळकलंय. बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत चिमूटभर अल्ट्रामरीन निळा घालून बघा. चकाकीचे पांढरे ठिपके तीन दिलेत, दोन पुसा. उरलेल्या एकातही किंचित पिवळा हवा.

चादर बदलायची गरज नाही. तिचा हिरवा अंधारात बुडू द्या, इतका की हिरवा आहे हे दुसऱ्या नजरेत कळावं. मग डाळिंबाचा लाल मंद ठेवला तरी जळेल. पण पोस्टर कलरचे गडद थर वाळल्यावर जरा फिके पडतात, तेव्हा कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळू देऊन, मगच ठरवा.

आणि रंगाआधी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर एकाच तपकिरीत चार-पाच चित्रं करा. डोळे किलकिले करून बघायचं, फक्त तीन छटा, उजळ, मधली, गडद. त्यातल्या एकात दुपार सापडेल. ती समोर ठेवूनच रंगवायला बसा.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात शार्दँ या फ्रेंच चित्रकाराचं १७३४च्या सुमाराचं एक छोटं चित्र आहे. तांब्याचं पाण्याचं पिंप, जवळ बादली, बस्स. मी छापील प्रतच पाहिली आहे. तांबडं म्हणावं असं त्यात थोडंच, बाकी सगळा तपकिरी-करडा पसारा. तरी घरातलं सगळं आवरून झाल्यावरची वेळ त्यात आहे. मिळालं तर बघा.

दुसरं चित्र झालं की पाठवा. ट्यूबलाइटमध्ये फोटो काढू नका एवढं मात्र सांगतो.

प्रश्न : मुलगी इंटरमिजिएटची तयारी करते आहे. क्लासमध्ये सांगतात, काळा रंग वापरायचाच नाही. हे बरोबर का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : क्लासवाल्यांचंही खरं आहे. पोरं सावली म्हटली की काळा ओततात आणि सगळ्या चित्रावर चुलीची काजळी धरते. मीही बाटल्या काढून घ्यायचो. पण रंगाऱ्याच्या मुलानं काळ्याला वाईट कसं म्हणावं? बाटली फेकू नका, कपाटात ठेवा. वरच्या ताईंच्या तांब्याला जो पिवळ्यातला काळा बाधला, तोच कडुलिंबाच्या जून पानाला अगदी चपखल बसतो. मुलगी निसर्गचित्र करायला लागली की बाटली काढून द्या.