आल्याची बिअर भरताना गाळ वर येतो, काय करू?

प्रश्न : नमस्कार ताई, मी जुळे सोलापुरात राहतो. उन्हाळ्यात घरी आलं, साखर, लिंबू आंबवून जिंजर बिअर करतो, ५ लिटरची काचेची बरणी आहे. तीनेक दिवसांत वरचं छान निवळतं, तळाला पांढरट गाळ बसतो, पण बाटल्या भरायला बरणी वाकवली की सगळं परत गढूळ. टॉवेल दुहेरी करून गाळून बघितलं तरी तेच, वर गॅसही गेला.

उत्तर : दादा, आधी तो टॉवेल बाजूला ठेवा. आपला सोलापुरी टॉवेल कितीही दाट असू दे, तळाचा पांढरट गाळ म्हणजे यीस्ट, आंबवणारे सूक्ष्म जीव, त्याचा कण ५ ते १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, तो कापडातून आरामात निघून जातो, अडकतो फक्त आल्याचा चोथा. आणि गाळताना वरून धार पडते ना, त्यात गॅस उडतो, हवा मिसळते आणि चव पडते. चोथा काढायचाच असेल तर तो बरणीत भरायच्या आधी काढा, आंबल्यावर नाही.

खरं काम आदल्या रात्रीचं आहे. बरणी ओट्यावर आणून मग लगेच भरायला घेतली तर उचलतानाच गाळ उठतो, मग पुढे कितीही हळू करा. त्यापेक्षा बरणी फ्रिजमध्ये मावत असेल तर एक-दोन दिवस आत ठेवा, गारव्यानं यीस्ट सुस्त होऊन खाली घट्ट बसतं, आणि मग आदल्या रात्रीच ओट्यावर आणून एका बाजूला खाली घडी केलेलं फडकं सारून जरा कलती ठेवा म्हणजे गाळ एका कोपऱ्यात जमतो. सकाळी बरणीला हात लावायचा नाही. बाटल्या खाली फरशीवर.

वाकवून ओतू नका, नळीनं काढा. आरओ फिल्टरच्या दुकानात पाव इंची पांढरी नळी मिळते, पिण्याच्या पाण्याचीच असते, दोन मीटर पुरे. एक टोक स्टीलच्या सळईला रबरानं असं बांधा की सळई बरणीच्या तळाला टेकली तरी नळीचं तोंड गाळाच्या दोन बोटं वर राहील. मग नळी उकळून गार केलेल्या पाण्यानं भरा, दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबा, एक बरणीत गाळ नसलेल्या बाजूला, दुसरं खाली, आणि सोडा. तोंडानं ओढू नका, बरेच जण ओढतात पण तोंडातले जंतू थेट आत जातात. पहिलं पाणी पेल्यात जाऊ द्या, मग नळी बाटलीच्या तळापर्यंत घाला म्हणजे खळखळ होत नाही. ही नळी बारीक आहे, वेळ लागतो, पण धार मंद असली की गाळ ओढला जात नाही. शेवटची दोन बोटं राहू द्या, मोह करू नका. तो गाळ पुढच्या वेळी विरजणासारखा वापरता येतो.

बाटलीत थोडा गाळ बसणारच, कारण फेस करणारं यीस्ट तेच. पोटाला काही होत नाही. बाटली उभी ठेवा, आडवी नको, आणि ग्लासात एकाच संथ ओतीत काढून शेवटचं बोटभर बाटलीतच ठेवा.

प्रश्न : भरताना परत साखर घालू का?

उत्तर : चाखून गोड लागत असेल तर अजिबात नाही, आहे तीच साखर पुरे. अगदी कोरडी झाली असेल, म्हणजे गोडी अजिबात उरली नसेल, तर लिटरला ६-७ ग्रॅम, तीही थोड्या पाण्यात उकळून गार करून, आणि सगळीकडे सारखी व्हावी म्हणून स्वच्छ पातेल्यात आधी पाक घाला आणि त्यावर नळीनं बिअर सोडा, नळीचं तोंड तळाशी. मग पातेल्यातून बाटल्यांत.

आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ४० च्या वर जातो, त्यामुळे काचेच्या बाटल्या वापरू नका, फुटतात, काचा उडतात, लहान मुलं असलेल्या घरात तर नकोच. सोड्याची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वर तीन बोटं मोकळी ठेवा, दिवसातून दोनदा दाबून बघा, दगडासारखी लागली की लगेच फ्रिजमध्ये. जास्त दिवस बाहेर राहिली तर अल्कोहोलही वाढतं, त्यामुळे मुलांना देऊ नका. आणि याच पद्धतीनं कुणी घरी माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) बिअर करायचं म्हणत असेल तर परवान्याशिवाय ते महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ मध्ये बसत नाही, तिकडे जाऊ नका.