इंडिकेटर घाईघाईने टिकटिकतोय? आधी अर्थिंग बघा

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही समा भागात राहतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा आमची हॅचबॅक दीड दिवस पाण्यात होती, पार सीटपर्यंत. साफसफाई करून गाडी चालू झाली, पण आता काही महिन्यांपासून डावा इंडिकेटर दिला की दुप्पट स्पीडने टिकटिक करतो, आणि मुलाने मागे उभं राहून बघितलं तर म्हणे नुसता ब्रेक दाबला तरी मागचा डावा इंडिकेटर मंद पेटतो. उजवी बाजू एकदम ओके. गॅरेजवाला म्हणतो "आखुं वायरिंग बदलवुं पडशे" (म्हणजे सगळंच वायरिंग बदलावं लागेल), बारा हजार सांगतोय. करून टाकू का?
— एक वाचक, समा, बडोदा

उत्तर : अहो थांबा, बारा हजार खिशातच राहू द्या. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटतो हे तुमच्या मुलाने बघितलं ना, तिथेच अर्धं निदान झालं. बहुतेक गाड्यांत मागच्या लाइटच्या डब्यात ब्रेक, टेल, इंडिकेटर सगळ्यांची अर्थिंगची वायर एकच असते आणि ती गंजली की ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला बॉडीत परत जायला रस्ता मिळत नाही, मग तो उलटा इंडिकेटरच्या बल्बमधून घुसतो आणि पुढच्या इंडिकेटरच्या अर्थिंगमधून बाहेर पडतो. म्हणजे रावपुऱ्यात वरघोडा (मिरवणूक हो) निघाला की आपण गल्लीबोळातून गाडी काढतो तसंच. डावा ब्रेकलाइटसुद्धा उजव्यापेक्षा फिका दिसत असणार, बघून घ्या. आणि टिकटिक फास्ट का, तर फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारी डबी, करंट मोजतो, अर्थिंग खराब म्हणून करंट कमी गेला की त्याला वाटतं एक बल्ब उडाला, म्हणून तो घाई करून तुम्हाला सांगतो. नॉर्मल स्पीड मिनिटाला 60 ते 120 ब्लिंक.

आता घरीच टेस्ट करा. डिकी उघडून डाव्या टेललाइटचे स्क्रू काढा, लाइट हळूच मागे ओढा, मागे कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, दिसेल. त्यातली काळी वायर बहुतेक अर्थिंगची असते, पण प्रत्येक गाडीत असेलच असं नाही, म्हणून टेस्ट लॅम्पने खात्री करून घ्या, चुकून लाइव्ह पिनला वायर लावलीत तर फ्यूज गेलाच समजा. मग दीड-दोन मीटरची साधी वायर दोन्ही टोकं सोलून घ्यायची, एक टोक त्या अर्थिंगच्या पिनला टेकवायचं आणि दुसरं डिकीच्या लॉकच्या बोल्टवर, रंग नसलेल्या उघड्या लोखंडाला, आणि मुलाला सांगायचं ब्रेक दाब. इंडिकेटरचं ते मंद पेटणं बंद झालं की चोर सापडला. मल्टिमीटर असेल तर लाइट चालू ठेवून अर्थिंगची पिन आणि बॅटरीचा मायनस यांच्यात व्होल्टेज बघा, 0.1-0.2 व्होल्टपर्यंत ठीक, एक व्होल्टच्या आसपास दिसलं तर अर्थिंग गेलेलीच आहे.

दीड दिवस गढूळ पाण्यात राहिलेल्या कपलरमध्ये पिनांवर हिरवट-पांढरी पावडर धरते. ती लगेच त्रास देत नाही, आत बसून हळूहळू तांबं खाते, म्हणूनच तुमचा फॉल्ट इतक्या उशिरा निघाला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने पिना घासा, ती वायर बॉडीला जिथे बोल्टने कसलीय तिथलाही गंज काढा, आणि परत बसवताना थोडं पेट्रोलियम जेली लावा. पिन खाऊन बारीक झाली असेल तर तेवढा कपलर बदला. जाताजाता बल्बही बघा, टेल-ब्रेकचा दोन फिलामेंटचा 21/5 वॉटचा असतो, त्याच्या जागी कोणी एक फिलामेंटचा दाबून बसवला असेल तरी असेच चाळे होतात. हे सगळं करूनही फरक पडला नाही तर वायरिंगचं बघू, पण तेव्हासुद्धा "आखुं" नाही.

प्रश्न : मुलाने माझ्या स्कूटरला एलईडी इंडिकेटर लावून आणले, दिसतात छान, पण इतके फडफडतात की सिग्नलला लोक बघतात. दुकानवाला म्हणतो चालेल. चालेल का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : ताई, चालतंय पण बरोबर नाही. स्कूटरचा साधा बल्ब बहुतेक 10 वॉटचा असतो, एलईडी एक-दोन वॉट खाते, मग वर सांगितलं तेच, फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला. दुकानवाले यावर रेझिस्टर लावून देतात, तो लावू नका, भट्टीसारखा तापतो आणि मी एकाच्या साइड पॅनलला त्याने पडलेलं भोक बघितलंय. सरळ एलईडीचा फ्लॅशर घ्या, फक्त जुना काढून सोबत न्या म्हणजे दोन पिनचा की तीन पिनचा हा घोळ होणार नाही.

प्रश्न : सासऱ्यांची जुनी गाडी आहे, पार्किंग लाइटचं बटण दाबलं की चारही पेटतात, पण इंडिकेटर डावा-उजवा एकही नाही. फ्लॅशर बदलला, काही फरक नाही.
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : फ्लॅशरचे पैसे वाया गेले हो. चारही ब्लिंक होतात म्हणजे बल्ब, अर्थिंग, फ्लॅशर सगळं जिवंत आहे. हॅझर्ड (आपण सगळे त्याला पार्किंग लाइटच म्हणतो) थेट बॅटरीवर चालतो, म्हणून चावी काढली तरी पेटतो, इंडिकेटरला मात्र सप्लाय इग्निशनमधून येतो आणि त्याचा फ्यूज बऱ्याच गाड्यांत वेगळा असतो. तो आधी बघा, झाकणावर 10 किंवा 15 अँपियर जे लिहिलंय तेवढाच टाका, चांदीचा कागद गुंडाळून काम भागवू नका. फ्यूज चांगला निघाला तर हॅझर्डचं बटण पंधरा-वीस वेळा दाबा-सोडा. हसू नका, पुष्कळ जुन्या गाड्यांत इंडिकेटरचा सप्लाय त्याच बटणातून फिरून जातो आणि वर्षानुवर्षं न दाबलेल्या बटणाचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. दाबताना मध्येच इंडिकेटर चालू झाला तर बटण बदला. नाहीच झाला तर स्टिअरिंगची दांडी, म्हणजे कॉम्बिनेशन स्विच, आणि ते काम मेकॅनिकचं, एअरबॅगवाली गाडी असेल तर तुम्ही हात लावूच नका.

आणि बटण सुधारलं म्हणून पावसात फतेहगंजच्या ब्रिजवर चारही पेटवून गाडी चालवू नका, ते उभ्या गाडीसाठी आहेत. चारही चालू असताना बहुतेक गाड्यांत इंडिकेटर दिसतच नाही, मागच्याला कळणार कसं तुम्ही निझामपुऱ्याकडे वळताय की सरळ जाताय.