डॉक्टरबाईंना विचारा : नातवाच्या दंडावर जास्तीची सुई

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा लंडनला असतो. २०२२च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून थोरल्या नातवासाठी निरोप आला, की सगळे डोस झाले असले तरी पोलिओचा आणखी एक घ्या, कारण शहराच्या सांडपाण्यात विषाणू सापडलाय. घेतला. पण तेव्हापासून ते मनातून जात नाही. पोलिओ संपला ना? मग गटारात कुठून आला? आता धाकटी नात सव्वा वर्षाची आहे आणि दिवाळीला सगळे इंदूरला येतायत. सून विचारते, तिला तिकडे सुया झाल्यात, इथे थेंब द्यायचे का?
— एक आजी, सुदामानगर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि जुनी इंदूरमधला माझा पहिला दवाखाना आठवला. मागच्या खिडकीतून खान नदी दिसायची. नदी म्हणायची एवढंच, तेव्हा तो उघडा नालाच होता. १९८७च्या पावसाळ्यात एक बाई दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. तीन दिवस ताप होता, उतरला, आणि चौथ्या दिवशी सकाळपासून मूल उभंच राहीना. मी त्याला काखेत धरून टेबलावर उभं केलं. उजवा पाय टेकला, डावा मुडपला. तळव्यावरून पेन्सिलीचं मागचं टोक फिरवलं तर उजवा पाय झटकन वर गेला, डाव्याची बोटं मात्र होती तशीच राहिली. आणि मूल खुदखुदत होतं, कारण दोन्ही तळव्यांना गुदगुल्या होत होत्या. पोलिओत स्पर्श शाबूत राहतो, हालचाल जाते. आई त्याचं हसू बघून म्हणाली, ‘बरा होईल ना?’

वहीत मी त्या दिवशी एकच नाव लिहिलं. पण पोलिओचा विषाणू ज्यांच्या पोटात शिरतो अशा साधारण दोनशे मुलांत एखाद्याचेच हातपाय लुळे पडतात. बाकीच्यांना थोडा ताप, घसादुखी, नाहीतर काहीच नाही. म्हणजे हा मुलगा माझ्या टेबलावर येईपर्यंत आसपासच्या वाड्यांतली कितीतरी पोरं विषाणू घेऊन अंगणात खेळत असणार. त्यांच्या शौचातून तो कित्येक आठवडे माझ्या खिडकीमागच्या पाण्यात पडत असणार. मी रोज त्या पाण्याकडे बघत होते. आजही हे आठवलं की झोप लागत नाही.

सांडपाणी तपासायचं ते याचसाठी. आपल्याकडे हे काम २००१ साली मुंबईत सुरू झालं, परळच्या एंटेरोव्हायरस रिसर्च सेंटरमध्ये. मुंबईत लुळं पडलेलं मूल नसतानाही नाल्यात विषाणू मिळायचा, आणि त्याची जनुकीय ठेवण उत्तर भारतातल्या विषाणूशी जुळायची. माणसं कामाधंद्याला मुंबईत येत होती, त्यांच्याबरोबर तोही येत होता. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईच्या सांडपाण्यात निसर्गातला मूळ विषाणू शेवटचा सापडला, आणि १३ जानेवारी २०११ला हावड्याची एक लहान मुलगी भारतातली शेवटची रुग्ण ठरली. २७ मार्च २०१४ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. तेव्हा संपला का? भारतात तो मूळ विषाणू संपला, हो. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात त्याचा फैलाव कधीच पूर्ण थांबला नाही.

लंडनचं प्रकरण मात्र वेगळं, आणि ते नीट सांगायला हवं, कारण याच जागी अफवा पसरतात. तिथे सापडला तो मूळ विषाणू नव्हता. आपले जे तोंडातले थेंब, त्यांत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो आतड्यात वाढतो, तिथेच पहारा उभा करतो, आणि काही आठवडे शौचातून बाहेर पडतो. आजूबाजूला सगळी मुलं लसवंत असतील तर त्याची गोष्ट तिथेच संपते. पण जिथे बरीच मुलं लसीवाचून राहिलीत तिथे तो या पोटातून त्या पोटात महिनोन् महिने फिरतो, फिरता फिरता बदलतो आणि कधीतरी पुन्हा लुळं पाडण्याइतका बळावतो. दोष थेंबांचा कमी आणि राहून गेलेल्या मुलांचा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. लंडनला बेक्टनच्या सांडपाणी केंद्रात फेब्रुवारी ते जूनमधल्या नमुन्यांत असाच, पोलिओच्या तीन प्रकारांपैकी टाइप २चा विषाणू मिळाला. ब्रिटनमध्ये २००४ पासून फक्त सुई देतात, म्हणजे तो बाहेरदेशी थेंब घेतलेल्या कोणाच्या तरी पोटातून आला. सुईनं रक्तात संरक्षण तयार होतं, विषाणू मज्जातंतूंपर्यंत पोचत नाही, पण आतड्यात त्याला पुरता अटकाव होत नाही. म्हणून लस घेतलेलं, ठणठणीत मूलही तो नकळत पुढे देऊ शकतं. तुमच्या नातवाला बोलावलं ते यासाठी : एक ते नऊ वर्षांच्या सगळ्या लंडनकर मुलांना. लंडनमध्ये एकही मूल लुळं पडलं नाही. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळ रॉकलंड काउंटीत लस न घेतलेल्या एका तरुणाचे पाय गेले, आणि तो विषाणू लंडनच्या विषाणूचा नातलग निघाला.

इस्रायलमध्ये २०१३ साली रहात नावाच्या गावच्या सांडपाण्यात मूळ विषाणूच सापडला होता. लहान मुलांना पुन्हा थेंब दिले, कोणीही लुळं पडलं नाही. गाझामध्ये २०२४च्या जुलैत सांडपाण्यानं इशारा दिला, लसीकरण सप्टेंबरात सुरू होऊ शकलं, आणि मधल्या ऑगस्टमध्ये दहा महिन्यांचं एक बाळ पोलिओनं लुळं पडलेलं सापडलं. इशारा आला तरी पुढचं काम माणसांनाच करायचं असतं.

आता सूनबाईंना सांगा. सुया झालेल्या बाळाला थेंब चालतात. आपल्याकडची सगळी बाळं दोन्ही घेतात : जन्मतः, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना थेंब, सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना सुई. एप्रिल २०१६ पासून आपल्या थेंबांतून टाइप २ काढलाय, म्हणून लंडनच्या त्या विषाणूसाठी सुईच कामाची, आणि ती नातीला झालीय. थेंबांनी आतड्यात टाइप १ आणि ३ पासून संरक्षण मिळतं, आणि शेजारच्या दोन देशांतला आहे तो टाइप १. तिथलं तिचं लाल आरोग्यपुस्तक बरोबर आणायला सांगा आणि इथल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुक्कामात पल्स पोलिओचा रविवार आलाच तर पाच वर्षांखालच्या इतर मुलांबरोबर तिलाही बूथवर न्या. फक्त बाळाला प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार असेल तर थेंब द्यायचे नाहीत, ते आधीच सांगायचं.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लाखो लोकांचं सांडपाणी आणि नमुना एक लिटर! विषाणू सापडतो कसा? आणि तो कोणाच्या घरून आला ते कळतं का?
— एक विद्यार्थिनी, विजयनगर

उत्तर : कळत नाही, बाळा, आणि कळायची गरजही नसते. फार तर त्या नमुन्याच्या जागेवर कोणत्या वस्त्यांचं पाणी येतं एवढं समजतं. मग त्या सगळ्या वस्त्यांत लस पोचवायची.

नमुना सकाळी घेतात, घरोघरचे संडास वापरात असतात तेव्हा. दोरीला बादली बांधून मुख्य नाल्यातून पाणी वर काढायचं, लिटरभर बाटलीत भरायचं, बाटली बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायची. तिथे त्यातल्या अर्ध्या लिटरमधला विषाणू दोन रसायनं मिसळून काही मिलिलिटरमध्ये एकवटतात. पुढचा भाग मला फार सुंदर वाटतो. उंदराच्या पेशींना पोलिओचा विषाणू सहसा शिवतही नाही, कारण त्याला आत शिरायचं दार त्यांच्यावर नसतं. शास्त्रज्ञांनी माणसाच्या पेशीवरचं ते दार उंदराच्या पेशीवर बसवलं. या पेशींचं नाव एल२०बी. गटारातले इतर असंख्य विषाणू बाहेरच राहतात, पोलिओ शिरतो. सूक्ष्मदर्शकाखाली काचेला चिकटलेल्या लांबट पेशी गोल होऊन सुटायला लागल्या की समजायचं, काहीतरी आहे.

नंतर पीसीआर, म्हणजे विषाणूच्या जनुकांच्या असंख्य प्रती काढून ओळख पटवणारी चाचणी, आणि जनुकीय वाचन. आपल्याकडे थेंबांची फेरी झाली की नाल्यात लसीचा विषाणू मिळणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न, तो लसीचा आहे, बदललेला आहे, की मूळ. फैलावताना पोलिओचा विषाणू वर्षाला सुमारे एक टक्का बदलतो, त्यामुळे तो किती दिवस फिरतोय याचाही अंदाज येतो.

प्रश्न : आमची कॉलनी बायपासपलीकडे आहे. घरोघरी सेप्टिक टँक, पाणी कुठल्याच नाल्यात जात नाही. मग आमच्या मुलांकडे कोण बघणार?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आणि मला तो जाणकारांच्या तोंडून कमी ऐकू येतो. नाल्याचा नमुना फक्त नाल्याला जोडलेल्या घरांबद्दल बोलतो. तुमच्याकडे जुनी पद्धतच उपयोगी. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय एकाएकी ढिला पडला, तर कारण काहीही वाटो, त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या आणि ‘हे आजच झालंय’ असं स्पष्ट सांगा. तोवर गल्लीतल्या कोणाकडून तापाचं इंजेक्शन टोचून घेऊ नका; पोलिओ असेल तर टोचलेला अवयव लुळा पडण्याचा धोका वाढतो.

तिथे मुलाच्या शौचाचे दोन नमुने मागतील, चोवीस तासांच्या अंतरानं, लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत. प्रत्येकी आठ-दहा ग्रॅम, म्हणजे अंगठ्याच्या दोन पेरांएवढं. किती आयांनी मला सांगितलं असेल, ‘बाई, डबा घेऊन कसं जायचं, लाज वाटते.’ मी एकीच्या हातातून तो डबा स्वतः घेतला, झाकण घट्ट लावलं, बर्फाच्या पेटीत ठेवला आणि तिच्यादेखत त्यावर तारीख घातली. दुसऱ्या दिवशी दुसरा डबा तीच घेऊन आली, वर्तमानपत्रात न गुंडाळता.