रॉकेटच्या ज्वालेतला प्रकाश : उष्णतेचा किती, रसायनाचा किती?

तुमचा प्रश्न असा होता की इस्रोचं एलव्हीएम-३ रॉकेट उडताना बाजूच्या बूस्टरची ज्वाला डोळे दिपवते, पण द्रवरूप हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालणाऱ्या क्रायोजेनिक इंजिनाची जेमतेम दिसते. मग हा प्रकाश तापल्यामुळे येतो की रासायनिक क्रियेतून? आणि ते तपासायला दरवेळी अख्खं इंजिन पेटवावं लागतं का?

बूस्टरचं सोपं आहे. घन इंधनात अॅल्युमिनियमची पूड असते. ती जळून तयार झालेले ऑक्साइडचे कण तापून चमकतात. केरोसीनच्या इंजिनात तेच काम काजळी करते. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्वालेत ना कण, ना काजळी. तिथे उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जा असलेले, ओएच रेणू (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन अणू) भरपूर असतात, पण त्यांचा प्रकाश ३०८ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अतिनील. आपल्याला दिसते ती फक्त फिकट निळसर झाक. क्रियेतूनच उत्तेजित रेणू जन्माला येतो आणि प्रकाश टाकून शांत होतो, याला केमिल्युमिनेसन्स म्हणतात. स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटचं इंजिन पेटताना दिसणारी हिरवी झुळूक बोरॉनची. इंजिन पेटवायला वापरलेलं ट्रायइथाइलबोरेन हे बोरॉनचं संयुग जळताना बीओ२ रेणू तो रंग देतो.

आता प्रयोगशाळा. इंजिन पेटवलं तर शेकडो क्रिया एकाच वेळी चालतात, कोणता प्रकाश कुणाचा ते कळत नाही. शिवाय दाब जास्त असला की उत्तेजित रेणू प्रकाश टाकण्याआधीच दुसऱ्यावर आपटून ऊर्जा गमावतो. म्हणून एकेक क्रिया वेगळी काढून, साधारण एक टॉर दाबाला (हवेच्या दाबाचा सुमारे ७६० वा भाग), वायू वाहता ठेवलेल्या काचेच्या नळीत, म्हणजे फ्लो ट्यूबमध्ये पाहतात. एका टोकाला मायक्रोवेव्ह डिस्चार्जने नायट्रोजनचे रेणू फोडायचे, दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम पंप, मध्ये खिडकीसमोर प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारा स्पेक्ट्रोमीटर.

यातला ऑक्सिजन अणू मोजण्याचा प्रकार मला अजूनही सगळ्यात देखणा वाटतो. नळीत आधी नायट्रोजनची पिवळट-नारिंगी दीप्ती असते. नायट्रिक ऑक्साइड हळूहळू सोडत गेलं की ती जांभळट होते, मग निळी, आणि एका क्षणी नळी चक्क काळी पडते. तेव्हा सगळे नायट्रोजन अणू संपून तेवढेच ऑक्सिजन अणू तयार झालेले असतात. आणखी थोडं सोडा, की हिरवट-पिवळा उजेड! तो एनओ२ चा, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइडचा. काळोख झाला त्या क्षणी फ्लो मीटरवर दिसणारा नायट्रिक ऑक्साइडचा प्रवाह, तोच ऑक्सिजन अणूंचा आकडा. या हिरवट-पिवळ्या उजेडाची तीव्रता आधी नीट मोजलेली असल्यामुळे इतर क्रियांचा प्रकाश प्रत्यक्ष आकड्यांत मांडायलाही तोच मापदंड चालतो. खरी डोकेदुखी तिथेच असते. स्पेक्ट्रम कुणीही काढतं, कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या मापाशी ताडून पाहणं, करायला कंटाळतात.

उंचावर मामला बदलतो. स्पेस शटल तीनशे किलोमीटरवरून सेकंदाला सुमारे ७.७ किमी वेगाने जायचं आणि तिथल्या विरळ हवेत मुख्यतः ऑक्सिजन अणूच असतात. थ्रस्टर, म्हणजे दिशा बदलायचं छोटं इंजिन, पुढच्या दिशेने फुंकला तर बाहेर पडणाऱ्या वायूचे तीनेक किमी त्यात मिळून टकरीचा वेग सेकंदाला ११ किमीच्या आसपास जातो. ऑक्सिजन अणू आणि पाण्याचा रेणू त्या वेगाने भिडले तर ५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) वर ऊर्जा मिळते, आणि उत्तेजित ओएच बनायला लागते ४.८ च्या आसपास. मागच्या दिशेने फुंकला तर १ सुद्धा मिळत नाही. म्हणजे तोच थ्रस्टर, तेच इंधन, पण हा प्रकाश दिशेवर ठरतो.

असे वेगवान अणू फ्लो ट्यूबमध्ये मिळत नाहीत. मॅसॅच्युसेट्समधल्या फिजिकल सायन्सेस या कंपनीने १९८० च्या दशकात त्यावर तोड काढली. शंकूसारख्या नॉझलमध्ये ऑक्सिजनचा झोत सोडायचा, त्यावर कार्बन डायऑक्साइड लेझरचा स्पंद मारायचा. त्यातून झालेला प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) फुगत बाहेर पडतो आणि त्यातले अणू सेकंदाला सुमारे ८ किमी वेगाने धावतात. त्यांच्या वाटेत दुसऱ्या वायूचा झोत आडवा सोडून प्रकाश टिपतात.

यात पैसा मुख्यतः संरक्षण खात्यांचा, हे उघड आहे. सुमारे २९० नॅनोमीटरच्या खालचा सूर्यप्रकाश ओझोनमुळे जमिनीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे त्या पट्ट्यात क्षेपणास्त्राची ज्वाला काळ्या पार्श्वभूमीवर दिसते. अमेरिकेने १९९० साली लेस उपग्रहावरून अतिनील कॅमेऱ्याने रॉकेटच्या ज्वाला टिपल्या, त्यामागे हेच कारण.

तुमच्या कॉलेजात साधा स्पेक्ट्रोमीटर असेल तर गॅसच्या शेगडीच्या निळ्या ज्वालेवर धरा. ४३१ नॅनोमीटरला सीएच (कार्बन-हायड्रोजन) आणि ५१६ ला सी२ (कार्बनची जोडी) स्पष्ट दिसतील. ५८९ ला सोडियमची पिवळी रेघ आली तर बर्नरला मीठ लागलंय, पुसून परत घ्या.