चळवळीच्या गाण्यांत असं काय असतं, की ती भाषणापेक्षा जास्त लागतात?

तुम्ही विचारलंय, की अन्यायाविरुद्धच्या गाण्यांतले अलंकार, प्रश्न, पुनरुक्ती हे सगळं सजावटीपुरतं असतं, की त्यातून खरंच काही साधतं? मी पुण्यात एका शाहिरी पथकात झीलकरी आहे, म्हणजे शाहिराच्या मागे ध्रुवपद धरणारा. माझं उत्तर असं, की साधतं, आणि पुष्कळ साधतं. चांगलं गाणं आरोप स्वतः करत नाही, तो ऐकणाऱ्याकडून वदवून घेतं.

आंबेडकरी चळवळीचे लोककवी वामनदादा कर्डक एका गाण्यात बड्या उद्योगपतींची नावं घेऊन विचारतात, धनाचा साठा कुठं आहे आणि आमचा वाटा कुठं आहे? टाटा, बाटा, साठा, वाटा. दुकानाच्या पाटीवर ज्याचं नाव आहे तो आणि ज्याच्या हाती काहीच आलं नाही तो, दोघांना ते यमक शेजारी आणून बसवतं. विषमता वेगळी समजावून सांगावी लागत नाही. प्रश्नाचं उत्तरही वामनदादा देत नाहीत, कारण समोरच्या माणसांना ते पाठ असतं.

पण या कलेचा कळस म्हणजे अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. सुरुवातीला ती निव्वळ विरहाची लावणी वाटते. पोटासाठी मुंबईला निघालेला गडी, गरिबीनं केलेली ताटातूट, मागे राहिलेली मैना. मग मुंबईचं वर्णन येतं आणि 'यंत्राची, तंत्राची, जगणाराची, मरणाराची' अशी शब्दांची रांग लागते. म्हणताना दम पुरत नाही, त्या शहरात जगतानाही पुरत नसावा. आणि अगदी शेवटाकडे शाहीर सांगतो, की मैनेची जी गत तीच खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव. ही नावं आधी आली असती तर तो सभेतला ठराव झाला असता. इथे ती येईपर्यंत तुमचा जीव त्या ताटातुटीत अडकलेला असतो, मग नकाशावरची रेघ नुसती रेघ राहत नाही. १९६० साली महाराष्ट्र झाला, पण यातलं एकही नाव त्यात आलं नाही. म्हणून ते कडवं म्हणताना मला आजही गलबलून येतं.

कधी एक विशेषणही पुरतं. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजीमहाराजांचा पोवाडा लिहिला आणि राजाला 'कुळवाडीभूषण', म्हणजे कष्टकरी शेतकऱ्यांचं भूषण म्हटलं. राजा कुणाचा, हा सगळा वाद त्या एका शब्दात आहे. पुढे आंबेडकरी जलशांनी, म्हणजे बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून मांडणाऱ्या पथकांनी, तमाशातला गण, म्हणजे सुरुवातीचं वंदन ठेवलं, पण गणपतीच्या जागी भीमरावांना वंदन केलं. साचा ओळखीचा, म्हणून बदल लगेच कळतो.

ध्रुवपदाचं काम आम्हा झीलकऱ्यांचं. दोनतीन कडव्यांनंतर पुढच्या रांगेतली माणसं आमच्याबरोबर ते म्हणू लागतात. शाहिराचं म्हणणं त्यांचं स्वतःचं होतं ते तिथे. नुसत्या घोषणा आणि शिव्यांची गाणी मला म्हणूनच कच्ची वाटतात. त्यांत ऐकणाऱ्याला काही कामच उरत नाही.

पुण्यात असाल तर १४ एप्रिलला पुणे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जा. डीजेपासून लांब, डफ-ढोलकीवर कुणी गात असेल तिथे थांबा, आणि लोक कोणत्या ओळीला आवाज मिसळतात ते ऐका.