खाडीचे पाणी आणि तीन एस्टिमेटर

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी ठाणे खाडीच्या पाण्याच्या, दिवसाला चार-पाच अशा ४०० नोंदी घेतल्या आहेत. भरती-ओहोटीची वेळ, तापमान आणि क्षारता यांवरून विरघळलेला प्राणवायू, अमोनिया आणि गढूळपणा यांचा अंदाज बांधायचा आहे. कर्नल (जवळच्या नोंदींना जास्त वजन देणारी सरासरी), निकटतम शेजारी (सर्वांत जवळच्या काही नोंदींची सरासरी) आणि रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांची सरासरी) या तीन एस्टिमेटरांपैकी, म्हणजे अंदाज बांधण्याच्या पद्धतींपैकी, प्राणवायूसाठी एक सरस ठरतो, गढूळपणासाठी दुसरा. राशीगणिक वेगळा एस्टिमेटर निवडावा की तिन्ही एकत्र करावेत? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : एकत्र करावेत. वोलपर्ट यांनी १९९२ मध्ये सुचवलेल्या आणि ब्राइमन यांनी १९९६ मध्ये रिग्रेशनसाठी (संख्येचा अंदाज बांधण्यासाठी) वापरलेल्या स्टॅकिंगमध्ये, म्हणजे एस्टिमेटरांच्या अंदाजांना भार देऊन ते एकत्र करण्याच्या पद्धतीत, प्रत्येक राशीला आपापले भार देता येतात. पण मग प्राणवायू एका एस्टिमेटरच्या कलाने आणि अमोनिया दुसऱ्याच्या कलाने ठरून, खाडीत कधीच न दिसलेली जोडी हाती येऊ शकते.

त्यापेक्षा बियो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेली ‘कोब्रा’ पद्धत मला तुमच्या कामाची वाटते. निम्म्या नोंदींवर तिन्ही एस्टिमेटर बसवावेत. समजा, भांगाच्या (पाण्याचा चढ-उतार सर्वांत कमी असतानाच्या) ओहोटीला एका पहाटे ते प्राणवायू लिटरला २.१, २.६ आणि ३.४ मिलिग्रॅम असल्याचे सांगतात. त्यांचे एकमेकांशी पटत नसले तरी बिघडत नाही. उरलेल्या २०० नोंदींपैकी ज्यांवर प्रत्येकाने आपापला जवळपास हाच आकडा सांगितला होता त्या शोधाव्यात आणि तेव्हा पाण्यात प्रत्यक्ष जे मोजले गेले त्याची सरासरी घ्यावी. तिन्ही राशींसाठी त्याच नोंदी वापरल्या की राशींमधली बेरजेसारखी रेषीय नाती शाबूत राहतात.

अडचण येते ती इथेच, कारण तीन एस्टिमेटर आणि तीन राशी म्हणजे नऊ संख्या जुळायला हव्यात. एकाच राशीसाठी, काही अटी धरून, सर्वोत्तम एस्टिमेटरपेक्षा होणाऱ्या जादा वर्गचुकीची (चुकीच्या वर्गाच्या सरासरीची) कमाल मर्यादा नोंदसंख्येच्या −२/५ घाताने घटते. नऊ संख्यांना तोच हिशेब लावला तर घात −२/११ होतो. स्थिरांक सोडला, तर २०० नोंदींना हे आकडे अनुक्रमे ०.१२ आणि ०.३८ येतात, म्हणजे फरक किरकोळ नाही. म्हणून नऊपैकी सात जुळल्या तरी नोंद स्वीकारावी; सात की सहा, हे पडताळणीवरून ठरवावे. त्याआधी प्रत्येक राशीला तिच्या प्रमाण विचलनाने (सरासरीभोवतीच्या पसरटपणाच्या मापाने) भागावे, नाहीतर शेकड्यांत मोजला जाणारा गढूळपणा प्राणवायूला गिळून टाकील.

नोंदींचे दोन भाग मात्र पत्त्यांसारखे पिसून करू नयेत. एकाच भरतीतल्या लागोपाठच्या नोंदी दोन्हीकडे गेल्या की पडताळणीतली चूक फसवी कमी दिसते. उधाण (सर्वांत मोठी भरती-ओहोटी) आणि भांग दोन्ही येतील असे सलग पंधरवड्यांचे गठ्ठे करून वाटावेत.