वजिरी सोडून निजाम दक्षिणेत का परतला?

प्रश्न : निजामउल्मुल्क दिल्लीचा वजीर होता आणि पुढे बुलढाण्याकडील साखरखेर्ड्याला त्याने बादशहाच्याच सुभेदाराशी लढाई केली, असे वाचनात आले. एवढे मोठे पद त्याने का सोडले असावे?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. मात्र १७२२ साली निजाम वजीर झाला, तेव्हा त्या पदाचा मान उरला होता, सत्ता फारशी उरली नव्हती. १७१९ मध्ये फर्रुखसियर बादशहाला तख्तावरून ओढणारा सय्यद अब्दुल्ला हा वजीरच होता. त्यामुळे तरुण बादशहा महंमदशहाला कोणत्याही कर्त्या वजिराची धास्ती वाटणे स्वाभाविक होते. शिवाय निजामाचे वजन वाढले तेच मुळी रणांगणावर, आणि तेही आपल्या वऱ्हाडात, बाळापूरला, जिथे त्याने १७२० मध्ये याच अब्दुल्लाचा पुतण्या आलमअली खान याचा पाडाव केला होता.

खरे दुखणे जहागिरींचे होते. बादशाही खजिन्यासाठी राखलेले खालसा महाल (महसुली परगणे) दरबाऱ्यांनी जहागिरी म्हणून लाटले होते, कागदावरची जमा आणि प्रत्यक्ष वसूल यांचा मेळ राहिला नव्हता आणि नेमणुका नजराणे घेऊन होत होत्या. खालसा महाल परत घ्यावेत, नजराणे बंद करावेत, असा आग्रह निजामाने धरला. पण ज्यांच्याकडून हे महाल काढून घ्यायचे, तेच बादशहाच्या कानाशी लागलेले होते. जिझिया (बिगरमुस्लिमांवरचा कर) पुन्हा बसवण्याचा त्याचा हट्ट मात्र आमच्या मते शुद्ध अव्यवहार्य होता. औरंगजेबकालीन अदबीने वागणाऱ्या या पन्नाशीतल्या सरदाराची दरबारात टिंगलही होई.

१७२३ च्या अखेरीस त्याने शिकारीचे आणि हवापालटाचे निमित्त करून दिल्ली सोडली आणि माळव्यामार्गे दक्षिण गाठली. दरबाराने हैदराबादच्या मुबारिजखानाला दक्षिणेची सुभेदारी देऊन निजामावर घातले. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्ड्याला मुबारिजखान मारला गेला. निजामाने त्याचे शिर दिल्लीला पाठवले आणि गावाला फत्तेखेर्डा नाव दिले. पुढच्याच वर्षी महंमदशहाने दक्षिणेची सुभेदारी मुकाट्याने त्याच्याकडे कायम केली, वर आसफजाह हा किताबही दिला.

दिल्लीची वजिरी निजामाच्या आधीचा वजीर मुहम्मद अमीनखान याचा मुलगा कमरुद्दीनखान याच्याकडे गेली आणि १७४८ पर्यंत त्याच्याकडेच राहिली. त्याने महाल परत घेण्याचे नाव काढले नाही.